पाऊण बिटाची सरासरी

नियंत्रण पटलांविषयी किंवा मोबाइलच्या पडद्याविषयी आमच्याकडे येणाऱ्या लेखांत एक वाक्य हमखास सापडते: 'हिकच्या नियमानुसार पर्याय कमी केले.' पर्याय जितके जास्त, निवडीला तितका वेळ जास्त, असा हा नियम सांगितला जातो. वाक्य खोटे नाही, अर्धवट आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजण्याचे गणित मांडले. त्यात पर्याय किती याला तेवढे महत्त्व नाही, कोणता येणार याच्या अनिश्चिततेला आहे; ती बिटांत मोजतात. हिक यांनी १९५२ मध्ये दिव्यांच्या प्रयोगात हे माप माणसाच्या प्रतिसादकाळाला लावले. पुढच्याच वर्षी रे हायमन यांनी संख्येबरोबर दिव्यांची वारंवारताही बदलून पाहिली, आणि सरासरी प्रतिसादकाळ बिटांच्याच मागे गेला. हायमन मात्र आमच्या लेखकांना क्वचितच आठवतात.

हिशेब करून पाहा. आठ इशारे सारख्याच वेळा येत असतील, तर प्रत्येक इशारा ३ बिटांचा. त्यांतला एकच शंभरात ९० वेळा येतो आणि उरलेल्या १० वेळा बाकीचे सात वाटून घेतात, तर सरासरी पाऊण बिटावर उतरते. अहवालात हा आकडा देखणा दिसतो. पण त्या सातांपैकी एखादा पेटला की चालकासमोर ६.१ बिट येऊन पडतात, आणि त्याचा हात सर्वांत उशिरा हलतो तो तेव्हाच. बॉयलरच्या पटलावर धोक्याचा दिवा नेमका याच सातांत असतो. सरासरीवर समाधान मानणाऱ्याने तो हिशेबातच धरलेला नसतो.

सात दिवे काढून टाकणे शक्य नाही, हे उघड आहे. वाट लिओनार्ड यांच्या १९५९ च्या प्रयोगात दिसते. ज्या बोटाखाली कंप जाणवेल तेच बोट दाबायचे, अशी योजना होती. पर्याय दोनाचे आठ झाले तरी वेळ फारसा वाढला नाही. इशारा आणि कृती एकाच जागी आली की निवड करण्याचे काम जवळपास उरतच नाही.

लेखकांना विनंती: यापुढे हिक यांचा आधार घेताना प्रत्येक पर्यायाची वारंवारता द्या, आणि सर्वांत दुर्मिळ इशाऱ्याचा प्रतिसादकाळ सरासरीत न मिसळता वेगळा कळवा. ही नोंद नसलेले लेख आम्ही दुरुस्तीसाठी परत पाठवू.