पंपात जपता, तसे पोटातही जपा



हाताला लागेल ती औषधे एकाच पंपात ओतून मिरचीवर मारू नयेत, हे नंदुरबारच्या शेतकऱ्याला सांगायला नको. बोर्डो मिश्रणात चुना असतो. त्यात मॅलाथिऑन मिसळले की त्याचा जोर जातो. पैसा जातो आणि कीड तशीच राहते. माणसाच्या औषधांचेही असेच आहे.

क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. लघवी तांबूस होते ती त्यामुळेच. या औषधाने इतर काही गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात. मग पाळणा लांबवण्याच्या गोळीचा भरवसा राहत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्याही कमी पडतात. कोर्स संपल्यावरही सुमारे चार आठवडे हा परिणाम टिकतो. म्हणून क्षयाच्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते तांबीसारखा दुसरा उपाय सुचवतात. तसेच अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी रक्तदाबाच्या गोळीचा गुण कमी करू शकते.

अशा शेकडो जोड्या एका माणसाच्या ध्यानात राहणे कठीण. हे काम संगणक चांगले करतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकातच अशी व्यवस्था उभी राहिली होती. आज ती मोबाइलमध्येही मावते. पण संगणकाला जे सांगितले नाही, ते त्याला कळत नाही. एक गोळी सरकारी दवाखान्याची, दुसरी बाजारातल्या दुकानाची, तिसरी ऊसतोडीला गेल्यावर गुजरातेत मिळालेली. तिन्हींची नोंद एके ठिकाणी नसेल, तर इशारा कोण देणार?

यासाठीच 'आभा' क्रमांक उपयोगी आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला चौदा अंकी क्रमांक मिळतो आणि तपासण्या व औषधांच्या नोंदी त्याला जोडता येतात. तुमच्या संमतीवाचून त्या दुसऱ्याला दिसत नाहीत. ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांशी बोलतानाही हा क्रमांक आणि घरातल्या सर्व औषधांची नावे सांगावीत.

धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज नसते, हे ठाऊक आहे. तेव्हा एवढे करा :

१. घरातल्या प्रत्येक माणसाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे व चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. झाडपाल्याचे औषध चालू असेल तर तेही लिहून ठेवा.

२. दवाखान्यात, दुकानात आणि स्थलांतराला जाताना ती पिशवी बरोबर न्या.

३. नवी गोळी घेण्याआधी विचारा, "आधीच्या गोळ्यांशी हिचे जमते का?"

४. गोळीने त्रास झाला तर आधी दवाखाना गाठा. मग १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.

कोणती गोळी घ्यावी हे डॉक्टर सांगतील. पिशवी त्यांच्यापुढे उघडणे मात्र आपल्याच हाती आहे.