कर्ज काढलें म्हणून श्रीमंत!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

सरकार गरिबांस घरें देत आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. 1985 सालीं इंदिरा आवास योजना निघाली. 2016 सालीं तिलाच नवें रूप देऊन प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली आणि 2022 पर्यंत सर्वांस पक्कें घर, अशी दवंडी पिटली गेली. 2022 साल आलें आणि गेलें. मग 2024 च्या ऑगस्टांत आणखी 2 कोटी घरांस मंजुरी द्यावी लागली. कांहींच झालें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक गांवांत कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, त्याचा आम्हांस आनंदच आहे. आमचें भांडण आहे तें गरीब कोण हें ठरविण्याच्या तराजूशीं.

हा तराजू पाहा. ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा 50,000 रुपये किंवा अधिक, त्यास घरकुल नाहीं. अहो, कार्ड म्हणजे काय? कर्ज! बियाणें व खत यांसाठीं काढावयाचें, व्याजासह फेडावयाचें, आणि पाऊस गेला कीं थकावयाचें कर्ज. एका खात्याचे साहेब गांवांत येऊन सांगतात, 'सावकाराच्या दारीं जाऊं नका, बँकेचें कार्ड घ्या.' आमचा भोळा कुणबी तें ऐकतो. मग दुसऱ्या खात्याचे साहेब यादी उघडून म्हणतात, 'तुझ्यापाशीं कार्ड आहे, तूं कसला गरीब?' सावकाराच्या वहींत जो रुतला तो यादींत राहिला, आणि ज्यानें सरकारचें ऐकलें तो बाहेर! काय हा न्याय!

कारागिराची गत याहून निराळी नाहीं. कुटुंबाचा बिगरशेती धंदा सरकार दरबारीं नोंदलेला असला कीं नांव कटलें. म्हणजे सुतारानें धंदा नोंदवूं नये, लोहारानें नोंदवूं नये, असेंच कीं नाहीं? 2024 पर्यंत तर दुचाकीहि श्रीमंतीची खूण होती. मडकीं बाजारास नेण्यासाठीं कुंभारानें जुनी फटफटी घेतली कीं तो धनवान ठरे! ती अट गेली, फ्रिजची गेली, मासिक मिळकतीची मर्यादा 10,000 वरून 15,000 झाली. बरें झालें. पण कार्डाची अट मात्र तशीच राखली.

कोणी शहाणे म्हणतील, कांहीं तरी कसोटी हवीच. हवी ना! घर द्यावयाचें तर घर पाहा. भिंत कशाची, छप्पर कशाचें, पावसाळ्यांत चूल कोठें पेटते, हें पाहा. खिशांतलें कार्ड कशाला चाचपतां?

आतां पैशाचें. 2016 सालीं सपाट मुलखांत घरामागें 1,20,000 रुपये ठरले. 2024 सालीं नव्या घरांसहि तेच 1,20,000! जणूं आठ वर्षांत सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी जागची हललीच नाहीं. महाराष्ट्र सरकारनें 2025 सालीं 50,000 ची भर घातली, त्यांतले 15,000 छपरावरच्या सूर्यविजेचे. उरलेलें गरिबानें कोठून आणावें? पुन्हां कर्ज काढूनच.

आणि घर तरी केवढें? स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर. हा आंकडा ठरविणाऱ्यानें माग पाहिला असेल, चाक पाहिलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या घरांत माणसें झोंपतात तसा धंदाहि बसतो, आणि शेळीहि.

ज्यास बुडाखालीं जागाच नाहीं त्याची गोष्ट तर याहून बिकट. 2015 सालीं राज्यानें अशांस जागा घेण्यास 50,000 रुपयांपर्यंत मदत ठरविली. पण रस्त्यालगतच्या गांवांत त्या रकमेंत जागा कोण देत होता?

तेव्हां बंधूंनो, ग्रामसभेंत घरकुलाची यादी वाचली जाईल त्या दिवशीं घरीं बसूं नका. ज्याचें नांव कटलें त्यानें तें कोणत्या अटीनें कटलें हें लेखी मागावें. कार्डामुळें कटलें असेल तर त्या कर्जावर किती थकबाकी आहे तेंहि सभेपुढें मांडून ठरावांत लिहवून घ्यावें. आणि बायांस बरोबर न्यावें. हें घरकुल बाईच्या नांवें किंवा दोघांच्या नांवें द्यावें असें सरकारच सांगतें.