मुक्त संहितेचे भाड्याचे घर

दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपुर वसाहतीत खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याला, तू मुक्त सॉफ्टवेअरचे काम कुठे करतोस, असे विचारले तर तो बहुधा एकच नाव घेईल : गिटहब. नोकरीच्या अर्जात दूरध्वनी क्रमांकाखाली गिटहबवरील आपल्या खात्याचा दुवा देणे, हे त्याच्या पिढीला गुणपत्रिका जोडण्याइतकेच स्वाभाविक वाटते. त्यात त्याचा दोष नाही. विसंगती मात्र आहे. गिटहबवरील लक्षावधी प्रकल्प मुक्त आहेत. पण ते ज्या छपराखाली नांदतात ते छप्पर मुक्त नाही. गिटहब चालवणारे सॉफ्टवेअर बंदिस्त असून 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली. सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य हा ज्यांचा आग्रह, त्यांनी आपली कार्यशाळा अशा जागेत थाटावी काय, हा वाद त्या चळवळीत जुना आहे. आता तो चळवळीपुरता राहिलेला नाही.

कारण जुलै 2025 मध्ये घडलेला प्रसंग. गुजरातेतील वाडिनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल व अन्य सेवा थांबवली. भारतीय कायद्याने नायरावर कोणतेही बंधन नव्हते, सेवेचे पैसेही चुकते होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. पण एका अमेरिकी कंपनीने युरोपच्या निर्णयामुळे भारतातील शुद्धीकरण कारखान्याचे टपाल बंद करावे, हे पाहून धोरणकर्त्यांची झोप उडाली असल्यास नवल नाही. पाठोपाठ स्वदेशीची हाक आली, झोहोचे नाव मंत्र्यांच्या तोंडी आले, केंद्रीय कर्मचाऱ्यांची ईमेल खाती तिकडे गेल्याची चर्चा झाली. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो : झोहो भारतीय आहे, मुक्त नाही. मालक बदलला तरी भाडेकरूचा दर्जा तोच राहतो. स्वदेशी आणि मुक्त हे दोन शब्द आपल्या चर्चेत सध्या सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

मूळ प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईत, मानखुर्दला सापडते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील प्राध्यापक जी. नागार्जुन हे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचेही प्रमुख होते. त्यांच्या प्रयोगशाळेत घडलेले नॉसिस हे ज्ञानव्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर ग्नू प्रकल्पाचा अधिकृत भाग होते आणि ग्नूच्याच सावाना या भांडारात राहत होते. म्हणजे घर आणि घरातले दोन्ही मुक्त. पुढे त्याच प्रयोगशाळेत जीस्टुडिओ उभा राहिला आणि त्याची संहिता गिटहबवर ठेवली गेली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘क्लिक्स’ या शालेय उपक्रमाचा मंच याच जीस्टुडिओवर बेतलेला होता. छत्तीसगड, राजस्थान, तेलंगण व मिझोराम या राज्यांतील सरकारी शाळांत तो पोहोचला आणि युनेस्कोचा पुरस्कारही त्या उपक्रमाला मिळाला. त्याची रचना अशी की शाळेच्या संगणककक्षातच एक सर्व्हर बसवायचा आणि इंटरनेट नसले तरी मुलांचे काम चालू राहायचे. छत्तीसगडच्या खेड्यातली शाळा कुणावरही अवलंबून नव्हती. तिच्यासाठी सॉफ्टवेअर घडवणारे मात्र आपले रोजचे काम परक्या कंपनीच्या ओसरीवर करीत होते.

याला ढोंग म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. सावानाची मांडणी जुनाट, तिथे नव्या प्रोग्रामरांची ये-जा कमी. गिटहबवर हजारो हात आयते मिळतात, खर्च शून्य, आणि विद्यार्थी तिथे आधीच हजर असतात. ज्या प्रयोगशाळेला कंत्राटी प्रोग्रामर आणि अंतर्वासितांच्या बळावर चार राज्यांच्या शाळा सांभाळायच्या आहेत, तिने सर्व्हरची देखभाल करत बसावे, असा आग्रह दुरून धरणे फारसे प्रामाणिक नाही.

तरीही या सोयीची किंमत नेमकी कशात मोजायची, हे समजून घेतले पाहिजे. गिटहबचे समर्थक म्हणतात, गिट ही मुळातच विकेंद्रित व्यवस्था आहे. प्रत्येकाकडे संहितेची संपूर्ण प्रत असते, मग अडकण्याची भीती कसली? संहितेपुरते हे खरे आहे. पण प्रकल्प म्हणजे केवळ संहिता नव्हे. कुणी कोणती चूक दाखवली, ती का नाकारली, कोणता बदल कोणत्या चर्चेनंतर स्वीकारला, कुणाला कोणते अधिकार दिले, हा सारा इतिहास गिटमध्ये नसतो. तो मंचाच्या विदागारात असतो. संहिता एका आज्ञेने घरी आणता येते, हा इतिहास आणायला बरीच खटपट करावी लागते आणि त्याभोवती जमलेली माणसे तर मुळीच आणता येत नाहीत.

गंमत अशी की गिटचा जन्मच अशा एका अडवणुकीतून झाला. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी 2002 मध्ये लिनक्सच्या कर्नलसाठी बिटकीपर हे बंदिस्त साधन, ते फुकट मिळते आणि चांगले चालते म्हणून, स्वीकारले. रिचर्ड स्टॉलमन यांनी तेव्हाच त्यावर टीका केली होती आणि ती अतिरेकी ठरवली गेली. 2005 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरने बिटकीपरशी जुळणारे मुक्त साधन लिहायला घेतले, तेव्हा मालकाने फुकट वापराची सवलतच काढून घेतली. टोरवाल्ड्स यांनी काही आठवड्यांत गिट लिहिले. प्रत्येक प्रकल्पाकडे टोरवाल्ड्स नसतो, ही या कथेतली अडचण.

अडवणूक नेहमी मालकाच्या लहरीतूनच येते असेही नाही. जुलै 2019 मध्ये अमेरिकी निर्बंधांपोटी गिटहबने इराण, सीरिया व क्रिमियातील प्रोग्रामरांच्या खात्यांवर मर्यादा घातल्या. इराणपुरत्या त्या जानेवारी 2021 मध्ये उठल्या, त्याही अमेरिकी अर्थखात्याने परवाना दिल्यावर. दुसरे उदाहरण आपल्याच घरचे. डिसेंबर 2014 च्या अखेरीस केंद्राच्या दूरसंचार विभागाने 32 संकेतस्थळे बंद करायला लावली. त्यामागे महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने दिलेली माहिती होती आणि यादीत गिटहबही होते. कुणीतरी तिथे आक्षेपार्ह मजकूर टाकला, म्हणून देशभरातील अनेक प्रोग्रामरांची कार्यशाळाच कुलूपबंद झाली. काही दिवसांत कुलूप निघाले. सगळ्यांनी एकाच वाड्यात बिऱ्हाड केले की एका खोलीवरच्या जप्तीने सगळेच बाहेर पडतात.

2021 मध्ये या वादाला नवे वळण मिळाले. गिटहबने तिथल्या सार्वजनिक संहितेवर प्रशिक्षित केलेला ‘कोपायलट’ आणला. तो प्रोग्रामरला आयती संहिता सुचवतो आणि कंपनीला वर्गणी मिळवून देतो. ज्यांनी ‘बदल करा, पण बदललेलेही मुक्तच ठेवा’ या अटीवर आपली संहिता दिली, त्यांच्या अटीचे काय झाले, हा प्रश्न अमेरिकेतील न्यायालयात गेला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने जून 2022 मध्ये गिटहब सोडण्याचे जाहीर आवाहन केले. माझ्या मते हा युक्तिवाद वाटतो तितका भक्कम नाही. सार्वजनिक ठिकाणी ठेवलेली संहिता प्रशिक्षणासाठी कुणीही, कुठूनही उचलू शकतो. घर बदलून ते टळत नाही. गिटहब सोडण्याची खरी कारणे आधीची आहेत : इतिहास, अधिकार आणि कुलपाची किल्ली.

घर बदलता येते, हेही सिद्ध झाले आहे. डेबियन, ग्नोम व केडीई या मोठ्या प्रकल्पांनी गिटलॅबची मुक्त आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवली. बर्लिनची कोडबर्ग ही सभासदांची संस्था ना-नफा तत्त्वावर मंच चालवते. छत्तीसगडी भाषेत संगणक आणण्याचे जे थोडे प्रयत्न झाले, त्यांतला केडीईचा छत्तीसगडी अनुवाद हा केडीईच्या स्वतःच्या भांडारात जतन झाला आहे, हे या प्रांतात फार कमी लोकांना ठाऊक असेल. बाजाराला ज्या भाषेचे सोयरसुतक नाही, तिचे काम बाजाराच्या मर्जीवर ठेवणे सर्वांत धोक्याचे. गूगलने आपले ‘गूगल कोड’ हे भांडार 2016 मध्ये बंद केले, तेव्हा नामांकित प्रकल्पांनी वेळेत स्थलांतर केले. ज्यांचे कर्ते तोवर पांगले होते, त्यांची हलवाहलव कोण करणार होते?

इथे सरकारची भूमिका येते, आणि ती आजवर दुटप्पी राहिली आहे. केंद्राने 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. शासकीय संहिता खुली करण्यासाठी ‘ओपनफोर्ज’ हा स्वतःचा मंच उभारला. मात्र मे 2020 मध्ये, अकरा कोटींहून अधिक लोकांनी उतरवून घेतलेल्या आरोग्य सेतूची अँड्रॉइड संहिता खुली करायची वेळ आली, तेव्हा ती गिटहबवर टाकली गेली. सर्व्हरकडची संहिता नोव्हेंबरमध्ये आली, ती ओपनफोर्जवर. अधिकाऱ्यांचा तर्क उघड आहे : चुका शोधणारे लोक गिटहबवर आहेत. पण सरकारच स्वतःच्या मंचाकडे असे पाहत असेल, तर मानखुर्दच्या प्रयोगशाळेने वा कुटेलाभाटाच्या आयआयटी भिलाईतील विद्यार्थ्यांनी वेगळे का वागावे?

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी गिटहबवर प्रत ठेवायला माझी हरकत नाही. चौकात पाटी लावावी लागतेच. मूळ प्रत, चुकांची नोंदवही आणि स्वीकार-नकाराची चर्चा मात्र स्वतःच्या वा सभासदांच्या मालकीच्या जागेत असावी. सार्वजनिक पैशातून लिहिलेल्या संहितेसाठी तर ही अनुदानाची अट असायला हवी, आणि ती अट घालणाऱ्याने सर्व्हरच्या देखभालीचा खर्चही त्याच अनुदानात धरावा. एका विद्यापीठाला एक सर्व्हर आणि तो सांभाळणारी दोन माणसे परवडतात. गिटलॅब आणि फोर्जेजो फुकट मिळतात. त्या दोन माणसांची पदे भरली जात नाहीत, ही गोष्ट कोणत्याही परदेशी कंपनीने केलेली नाही.