टूटूचं माहेर

रत्नागिरीत पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. थिबा पॅलेस दाखवायचा, थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दाखवायची, सूर्यास्ताचे फोटो काढायचे आणि घरी आल्यावर आमरस-पुरी. 'ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलं होतं' हे वाक्यही तोंडपाठ. पण राजाबरोबर आलेल्या बायकांचं, लेकींचं पुढे काय झालं, असं त्या पाहुण्यांनी विचारलं तर? आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल?

नोव्हेंबर 1885 मध्ये मंडाले पडलं आणि राजा थिबा, राणी सुपयालत आणि दोन चिमुरड्या मुलींना बोटीत बसवून मद्रासला नेलं. तिसरी मुलगी मद्रासला झाली. एप्रिल 1886 मध्ये हे कुटुंब रत्नागिरीत आलं आणि पुढच्याच वर्षी चौथीचा जन्म इथला. राजाला वाटत होतं, आज ना उद्या परत जाऊ. त्या 'आज ना उद्या'त तीस वर्षं गेली! 1910 च्या सुमारास टेकडीवरचा तो लाल राजवाडा बांधून झाला, तोवर मुली घोडनवऱ्या झाल्या होत्या आणि फर्डं मराठी बोलत होत्या. राजघराण्याला साजेसं स्थळ इथे मिळायचं कुठून? थोरल्या राजकन्येचा जीव जडला तो राजवाड्यातल्याच एका नोकरावर, गोपाळ सावंतांवर. त्यांचं आधीच लग्न झालेलं. या दोघांची लेक टूटू. राजवाड्यात केवढा कल्लोळ झाला असेल, कल्पना करा!

1916 मध्ये राजा गेला. 1919 मध्ये राणीला ब्रह्मदेशी जायची परवानगी मिळाली. थोरलीही गेली आणि काही काळाने रत्नागिरीला परत आली. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट फार मोठी वाटते. लोक म्हणतात, प्रेमासाठी आली. असेलही. पण लहानपणी सुटलेला देश आणि वाढलो ते गाव, यांतलं आपलं कुठलं, हा प्रश्नही तिला पडलाच असणार. 1947 मध्ये ती इथेच गेली. टूटूनं मराठी माणसाशी लग्न केलं, कागदाची फुलं करून विकली, शेण्या थापल्या, मुलं वाढवली आणि 2000 साली तिनं जगाचा निरोप घेतला. थिबाची नात रत्नागिरीची एक कष्टकरी म्हातारी म्हणून गेली. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले, तेव्हा हा सन्मान पाहायला टूटू नव्हती.

असं 'आज ना उद्या' जगलेली माणसं जगात ठिकठिकाणी आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात 11 सप्टेंबर 1973 ला लष्करानं सत्ता बळकावली. धरपकड सुरू झाली आणि हजारो चिलीवासी थेट उत्तर युरोपातल्या स्वीडनमध्ये पोहोचले. सांतियागोमधले स्वीडनचे राजदूत हॅराल्ड एडलस्टाम यांनी जिवावर उदार होऊन अनेकांना वाचवलं. त्यासाठी त्यांना तो देश सोडावा लागला. स्वीडनला आलेल्या बायाबापड्यांच्याही बॅगा कित्येक वर्षं भरलेल्याच होत्या म्हणे. 1990 मध्ये चिलीत लोकशाही आली तोवर मुलं स्वीडिश बोलू लागली होती. काही परतले, पुष्कळ राहिले. सगळं गोडगोड झालं असं नाही, तिथेही 'हे परके' म्हणणारे होते आणि आहेत. पण 1976 पासून परदेशी रहिवाशांना तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत देता आलं आणि 1977 पासून शाळांत मुलांना त्यांची घरची भाषा शिकवण्याची सोय झाली. म्हणजे पाहुणा केव्हा घरचा करायचा, याचा विचार सरकारनं तरी केला होता.

आता जरा आपल्या अंगणात बघू या. आंब्याच्या बागेत राखण करायला, फवारणीला, पेट्या भरायला कोण असतं? मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी कोण? नेपाळी! 1950 च्या करारामुळे त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही. त्यांच्यावर कुणा राजानं वा सेनापतीनं हद्दपारी लादलेली नाही, पोटानं आणलंय. बागायतदारांना विचारा, ही माणसं नसली तर हंगाम कसा निघेल? तरी सगळ्यांचं नाव एकच, 'बहादूर'. आणि बाईला तर तेही नाही. ती 'बहादूरची बायको'. बागेतल्या खोपटात चूल मांडते, वानरं हाकलते, पाणी आणते, पोर सांभाळते आणि पावसाच्या तोंडावर गाठोडं बांधून निघते. गावात चोरी झाली की पहिला संशय कुणावर, हे सांगायला नकोच. ओळखपत्राची झेरॉक्स नि फोटो पोलीस ठाण्यात देणं योग्यच आहे, पण ती झेरॉक्स हातात असतानाही तिचं नाव वाचावंसं वाटत नाही आपल्याला!

खरं तर ही गोष्ट कोकणाला सांगावी लागू नये. आपले बाप-आजे गिरणीत, बोटीवर, आखातात गेले. दहा बाय दहाच्या खोलीत गाळे भाड्यानं घेऊन राहिले. मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या बायांच्या नाती आपण.

मोठाल्या गोष्टी सोडा. एकच बघा. बागेतलं ते पोर दुपारभर काय करतं? हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, शाळा जूनमध्ये. म्हणून ते मधल्यामध्ये कुठेच नसतं. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश आहे आणि दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या किती शाळा पटसंख्येअभावी डुगडुगतायत! बागायतदारांच्या घरातल्या बायकांनी हंगामाआधी गुरुजींना जाऊन भेटावं, बागेत येणाऱ्या मुलांची यादी द्यावी. लहानग्यांसाठी अंगणवाडीताईंना सांगावं. यादीत मुलाच्या नावापुढे आईचं नाव लिहायला तेवढं तिला विचारावं लागेल.