विश्लेषण : धूमकेतूवर उतरलेले ‘फिली’ किती काळ तग धरणार होते?

युरोपीय अंतराळ संस्थेच्या रोझेटा यानातून सुटलेले ‘फिली’ बुधवारी, १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेन्को या धूमकेतूवर उतरले. धूमकेतूवर अलगद उतरलेले हे पहिलेच यान. भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊच्या सुमारास जर्मनीतील डार्मस्टाटच्या नियंत्रण कक्षात जल्लोष सुरू झाला, तेव्हा फिली मात्र उसळी मारून पुन्हा वर गेलेले होते.

हे उतरणे वेगळे का?

सप्टेंबर २०१४ मध्ये आपले मंगळयान मंगळाच्या कक्षेत स्थिरावले, कारण मंगळाच्या गुरुत्वाकर्षणाने ते धरून ठेवले. ६७पी जेमतेम चार किलोमीटर लांबीचा. पृथ्वीवर १०० किलो भरणाऱ्या फिलीचे वजन तिथे एखाद्या ग्रॅमएवढेच. त्यामुळे साडेबावीस किलोमीटर खाली यायला सात तास लागले. आदळून चक्काचूर होण्याची भीती फारशी नव्हती. भीती होती निसटण्याची. तिथून कायमचे निसटायला सेकंदाला मीटरभर वेगही पुरतो, आणि फिली उतरले तेच जवळपास त्या वेगाने.

मग बिघडले काय?

उसळी रोखण्यासाठी वरून दाबणारा थ्रस्टर, जमिनीत रुतणारे दोन हार्पून आणि पायांना स्क्रू अशी तयारी होती. थ्रस्टरमधील दोष फिली रोझेटापासून सुटण्यापूर्वीच लक्षात आला. तरीही पुढे जाण्याचा निर्णय झाला, आणि तो योग्यच म्हणावा लागेल. दहा वर्षे प्रवास केलेला थ्रस्टर तिथे दुरुस्त होणार नव्हता. शिवाय सूर्य जवळ येईल तसा धूमकेतू अधिक वायू आणि धूळ फेकणार होता. पण हार्पूनही सुटले नाहीत. पृथ्वीपर्यंत संदेश यायलाच २८ मिनिटे लागत होती, तेव्हा इथून हस्तक्षेप शक्यच नव्हता. पायांतील यंत्रणेने धक्का बराचसा शोषला म्हणून फिली सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने वर उडाले, सुमारे किलोमीटरभर उंच गेले आणि जवळपास दोन तासांनी परत टेकले. आणखी एक छोटी उसळी घेऊन ते स्थिरावले, मात्र ठरलेल्या जागेपासून दूर, एका कड्याच्या सावलीत.

पुढे काय?

धूमकेतूच्या साडेबारा तासांच्या दिवसात तिथे ऊन मिळत होते ते दीडेक तास. अपेक्षा सहा-सात तासांची होती. मुख्य बॅटरी साधारण ६० तासांची. सौरमाला घडतानाचे बर्फ आणि कार्बनी संयुगे धूमकेतूत टिकून आहेत, असे मानले जाते. त्यांचा नमुना खणून काढायचा, तर तो याच तासांत शक्य होता. छायाचित्रांवरून एक पाय अधांतरी दिसत होता. नांगर न टाकलेल्या होडीसारखी ही अवस्था, ड्रिलच्या रेट्याने यान कलंडूही शकले असते. तरीही शुक्रवारी ड्रिल चालवण्याचा धोका शास्त्रज्ञांनी पत्करला. बॅटरी संपली तर फिली निद्रावस्थेत जाणार होते. ऑगस्ट २०१५ मध्ये धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ असणार होता, तेव्हा वाढलेल्या उन्हात ते जागे होण्याची आशा होती. रोझेटाचे निरीक्षण तोवर सुरूच राहणार होते.