हौस ही कोणाची मक्तेदारी?

फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात उन्हाळ्यात ‘ला मार्मोत’ नावाची सायकल शर्यत भरते. १९८२ साली ती सुरू झाली. ती हौशी सायकलपटूंची शर्यत आहे. आठवडाभर नोकरीधंदा सांभाळून सवडीने सराव करणारी हजारो माणसे, स्त्रिया व पुरुष, तीत उतरतात.

आम्ही पडलो कारकून. आकडे मांडल्याशिवाय आम्हांला गोष्ट पटत नाही. शर्यतीचा नेहमीचा मार्ग सुमारे १७४ किलोमीटरचा. वाटेत ग्लांदाँची खिंड १९२४ मीटर उंच, तेलेग्राफची १५६६ आणि गालिबिएची २६४२. हे सारे ओलांडून पाय गळून गेल्यावर शेवटी आल्प द्युएझचा २१ वळणांचा घाट समोर उभा राहतो! चढाची बेरीज होते सुमारे ५००० मीटर. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटरचे. म्हणजे एका दिवसात तीन कळसूबाईंहून जास्त चढ झाला. कित्येकांना दहा-दहा तास लागतात. पदकासाठी वयाप्रमाणे वेगळी वेळ ठरवलेली असते, त्यामुळे पन्नाशीच्या माणसाला विशीतल्या पोराशी झुंजावे लागत नाही. हा न्याय आम्हांला आवडला.

पण वाचकहो, ‘हौशी’ या शब्दाचा इतिहास मात्र कडू आहे. इंग्लंडात हेन्ली येथे वल्हवण्याच्या मोठ्या शर्यती होतात. तेथे १८७९ साली हौशी खेळाडू कोण, याचा नियम झाला. मजुरीवर काम करणारा कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर हा हौशी नव्हे, असे त्यात लिहिले होते. हाताने राबतो म्हणून त्याला खेळात जागा नाही! १९३६ साली ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक चमूला याच नियमाने अडवले, कारण ते पोलीस शिपाई होते. पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, तो नियम रद्द झाला. राबणाऱ्याला बाहेर ठेवण्याची रीत आपल्याला काही नवी नाही.

आज आल्प्सच्या घाटात कोणी धंदा विचारत नाही. तरी भारी सायकल, प्रवेश फी आणि प्रवासखर्च हा अडसर आहेच. नियम गेला, खिसा राहिला.

आपल्या घरांतही सायकल आहे. पण ती पेपर टाकायला, दूध पोचवायला, पाळी गाठायला. मुलाने वा मुलीने रविवारी सायकल घेऊन लांबचा घाट चढायचा म्हटले, की आपणच म्हणतो, “हे आपले काम नव्हे.” त्या जुन्या नियमाचे आणि आपल्या या बोलण्याचे गोत्र एकच नाही का? राबणाऱ्याला पोट आहे तशी हौसही आहे. येत्या रविवारी पोरांच्या सायकलीला तेल घाला, ब्रेक तपासा आणि त्यांना जाऊ द्या.