घराचा नवा उंबरठा

पनवेलीस नवें बिऱ्हाड थाटणारा गृहस्थ पूर्वीं सर्वांत आधीं पाण्याची चौकशी करीत असे. पाणी किती वाजतां येतें, टाकी आहे कीं नाहीं, उन्हाळ्यांत टँकर बोलवावा लागतो काय, हे त्याचे प्रश्न. पाण्याची विवंचना आपल्या गांवांतून अद्याप गेलेली नाहीं. तरी आतां तिच्याहि आधीं 'नेट कोणाचें घेतां?' असें विचारलें जातें. त्यांत आम्हांस वावगें कांहीं वाटत नाहीं. मार्च २०२० मध्यें शाळा बंद पडल्या तेव्हां वर्ग घराघरांत गेले, आणि ज्या घरीं ही सोय नव्हती त्या घरचीं मुलें किती मागें पडलीं हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमची तक्रार निराळी आहे. नळ बसविणाऱ्या प्लंबरच्या पाठीशीं उभे राहून 'मुख्य कॉक कोठें आहे तो दाखव' असें बजावणारा गृहस्थ, नेट जोडावयास आलेल्या माणसास एक शब्दहि विचारीत नाहीं. तो माणूस दहा मिनिटांत पेटी भिंतीस टांगतो, दिवे लुकलुकतात, मोबाइलवर चित्र हलूं लागतें, आणि सर्व मंडळी कृतार्थ होतात.

वास्तविक ही पेटी कौतुकानें पाहण्यासारखी आहे. आपल्या देशांत सर्वसाधारण लोकांकरितां इंटरनेट सुरू झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. त्या काळीं टेलिफोनच्या तारेवरून संगणकानें नंबर फिरवावयाचा, आणि काम संपेतोंवर घरांतील फोन मुका राहावयाचा, असा प्रकार होता. २००५ सालीं महानगर टेलिफोन निगम व भारत संचार निगम या दोन सरकारी कंपन्यांनीं डी. एस. एल. पद्धतीचें ब्रॉडबँड घरोघर देण्यास आरंभ केला आणि ही अडचण गेली. युक्ति मोठी मौजेची आहे. टेलिफोनवर माणसाचा आवाज पोहोंचविण्यास सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनें एवढाच पट्टा पुरतो. तांब्याची तार मात्र त्याहून कितीतरी अधिक कंपनें वाहून नेऊं शकते. तो वरचा पट्टा इतकीं वर्षें पडीक जमिनीसारखा राहिला होता. मोडेमनें सुमारें २५ हजार कंपनांपासून ११ लक्ष कंपनांपर्यंतची ती जमीन लागवडीस आणली. दोन्ही पट्ट्यांस घरांत वेगळें करणारी लहानशी डबी म्हणजे स्प्लिटर. ती न लावतां फोन जोडला तर कानांत खरखर येई, आणि ज्या खरखरीबद्दल पुष्कळ घरांत कंपनीस दूषण दिलें जाई तिचें कारण कित्येकदां ही न लावलेली डबीच असे. एक्स्चेंजपासून घर जितकें दूर तितका वेग कमी, कारण उंच कंपनें तारेंत लवकर क्षीण होतात. आतां बहुतेक नवीं कनेक्शनें काचेच्या तंतूचीं असतात व पेटीहि बदलली आहे. परंतु तिच्या पोटांतील जो भाग घरांतील निरनिराळ्या यंत्रांस वाट करून देतो, तो राउटर, पूर्वींचेंच काम करतो. आणि आमचें म्हणणें त्याच्याविषयीं आहे.

या राउटरास दोन किल्ल्या असतात. एक वाय-फायची, ती आल्यागेल्या पाहुण्यासहि ठाऊक असते. दुसरी खुद्द यंत्राची. संगणकावर १९२.१६८.१.१ असा, किंवा पेटीच्या तळाशीं छापलेला असेल तो, पत्ता टाकला म्हणजे एक पान उघडतें आणि तें नांव व पासवर्ड विचारतें. अनेक पेट्यांत कारखान्यानें दोन्ही ठिकाणीं 'ॲडमिन' हा एकच शब्द घालून ठेवलेला असे, आणि तो बदलावयाचा असतो हें घरधन्यास क्वचितच कोणी सांगे. जुलै २०१७ मध्यें भारत संचार निगमच्या ज्या ग्राहकांनीं हा मूळचा शब्द तसाच राहूं दिला होता त्यांपैकीं अनेकांचीं मोडेमें एका दुष्ट प्रोग्रॅमनें बंद पाडलीं, आणि पासवर्ड बदला म्हणून कंपनीस ग्राहकांना विनवावें लागलें. त्याच्या आदल्या वर्षीं, ऑक्टोबर २०१६ मध्यें, 'मिराई' नांवाच्या प्रोग्रॅमनें जगभरच्या घरांतील असेच राउटर व कॅमेरे हाताशीं धरून अमेरिकेंतील मोठमोठ्या वेबसाइटी कांहीं तास ठप्प केल्या. ज्यांचीं यंत्रें या कामीं राबलीं त्यांस त्याची गंधवार्ताहि नव्हती.

याहून जवळचें उदाहरण आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोटांची मालिका होऊन पन्नासाहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. स्फोटांपूर्वीं कांहीं मिनिटें वृत्तवाहिन्यांस धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनीं त्याचा माग काढला, तो निघाला नवी मुंबईंत सानपाड्यास. आपल्या स्टेशनांतून हार्बर लोकलनें पाऊण तासाच्या आंत! तेथें राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वाय-फायचा कोणी परक्यानें परस्पर उपयोग केला होता. ईमेल लिहिणारा निराळाच. परंतु तपास प्रथम आला तो या गृहस्थाच्या दारीं. पुढच्या दोन महिन्यांत त्याच टोळीचे आणखी ईमेल मुंबईंतील एका महाविद्यालयाच्या व चेंबूर येथील एका कार्यालयाच्या वाय-फायवरून गेल्याचें आढळलें.

असें वर्गांत सांगत असतां आमची स्वतःची स्थिति काय होती, तेंहि सांगितलें पाहिजे. आमच्या घरीं नवें कनेक्शन आलें तेव्हां जोडणाऱ्या तरुणानें लक्षांत राहावा म्हणून आमचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून घातला, आणि आम्हीं मान डोलावली. आमचा नंबर शाळेच्या बहुतेक पालकांजवळ आहे. कांहीं महिन्यांनीं नववींतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला व खालीं मान घालून म्हणाला, "सर, तुमच्या बिल्डिंगखालीं तुमचें नेट मिळतें. आम्ही क्लासनंतर रोज तेथें बसतों. तुम्हीं सानपाड्याची गोष्ट सांगितलीत, म्हणून राहवलें नाहीं." रागावावें कीं आभार मानावे, हें आम्हांस क्षणभर कळेना. त्याच शनिवारीं संध्याकाळीं त्यालाच आम्हीं घरीं बोलाविलें. त्यानें राउटरचें पान उघडून जोडलेल्या यंत्रांची यादी दाखविली. आमच्या घरांत मोबाइल तीन व संगणक एक. यादींत नांवें नऊ होतीं. गॅलरींतून वांकून पाहिलें तों पांच मुलें जिन्याच्या पायरीवर ओळीनें बसलेलीं!

'आम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं, मुलगाच सगळें बघतो,' असें सांगणारे पालक आम्हांस पुष्कळ भेटतात. आणि त्यांतलेच कांहीं जण चार महिन्यांनीं, मुलगा रात्रीं दोन वाजेपर्यंत मोबाइल सोडीत नाहीं, अशी तक्रार घेऊन येतात. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं घराची एकमेव किल्ली देऊन मग त्यालाच जाब विचारणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. राउटरमध्यें ठराविक वेळीं ठराविक यंत्र बंद ठेवण्याची सोय बहुधा असते. ती वापरावी, पण तिच्यावर फार विसंबूं नये, कारण मोबाइलचें स्वतःचें नेट राउटरास विचारीत नाहीं. आमचें मत असें कीं, हें काम मुलानें किंवा मुलीनें स्वतः करावें आणि आईनें अगर वडिलांनीं शेजारीं बसून पाहावें. मुलीनें, हें आम्ही मुद्दाम म्हणतों. प्रयोगशाळेंत विद्युन्मंडल जोडतांना आमच्या दहावीच्या मुली मुलांच्या मागें नसतात. घरीं मात्र राउटरपाशीं भावालाच हांक मारतात. दोन्ही पासवर्ड बदलून ते रेशनकार्डाच्या पिशवींत ठेवण्याच्या वहींत लिहून ठेवावे.

राहिला शेजाऱ्याचा प्रश्न. ज्याच्या घरीं नेट नाहीं त्या शेजारच्या मुलास 'नाहीं' म्हणणें आम्हांस जड जातें, आणि आपला शेजारी कोण, हा प्रश्न आम्हां ख्रिस्ती लोकांना तर लहानपणापासून विचारला गेला आहे. परंतु दार सताड उघडें टाकणें आणि नांव घेऊन एखाद्यास आंत बोलावणें यांत अंतर आहे. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठीं वेगळें वाय-फाय देतां येतें; त्याची किल्ली निराळी, आणि त्यावरून घरच्या संगणकांत शिरतां येणार नाहीं अशी व्यवस्था असते. कनेक्शन ज्याच्या नांवावर त्याच्याकडेच प्रथम विचारणा होते, म्हणून ही किल्लीहि ओळखीच्या मुलासच द्यावी.

पायरीवरच्या पांचांपैकीं दोघांच्या घरीं खरोखरच नेट नव्हतें. उरलेले तिघे सोबतीस म्हणून येत असत, असें त्यांनीं निर्मळपणें सांगितलें. त्या दोघांस आम्हीं पाहुण्यांची किल्ली दिली असून ते आतां पायरीवर न बसतां आमच्या दिवाणखान्यांत बसतात. घरची मुख्य किल्ली आमच्या पत्नीनें ठरविली आहे. ती चांगली लांबलचक असून आम्हांस अद्याप पाठ झालेली नाहीं. दर वेळीं वही काढून पाहावी लागते.